बास गिटारचे आउटपुट सॉकेट बदलताना
वायर हलवताच बासचा आवाज खरखरू लागला, तर दोष बहुधा सैल झालेल्या सॉकेटचा, म्हणजे वायरचा प्लग ज्यात बसतो त्या भागाचा, असतो. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ६.३५ मिलिमीटरचे सॉकेट शोधताना बॅटरीवर चालणाऱ्या बाससाठी स्टिरिओ (तीन जोडांचा) प्रकारच घ्यावा, कारण प्लग आत गेल्यावरच त्याच्या मधल्या पत्तीतून बॅटरीची काळी तार अर्थला जोडली जाते. बॅटरी नसलेल्या बाससाठी मोनो (दोन जोडांचे) पुरते. त्यात व्हॉल्यूमकडून येणारी तार प्लगच्या टोकाला टेकणाऱ्या लांब, वाकड्या पत्तीच्या लगला (तार जोडायच्या धातूच्या टोकाला) आणि अर्थची तार आटे असलेल्या नळीशी जोडलेल्या लगला सोल्डर करावी. नट आवळताना सॉकेट आतून घट्ट धरावे. ते फिरले, की तारेला पीळ बसून नवा जोड तुटतो, आणि हीच चूक मी सर्वांत अधिक पाहिली आहे.