जुना सहकारी समोरच्या संघात? या चुका टाळा

कोल्हापुरात फुटबॉल सीझनच्या तोंडावर केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं) खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की पेठापेठांत एकच विषय, कोण कुठं गेला. गेल्या वर्षी ज्याच्या पासवर तुम्ही गोल मारलात, तो यंदा दुसऱ्या तालमीचा, म्हणजे दुसऱ्या संघाचा शर्ट घालून शाहू स्टेडियमवर तुमच्यासमोर उभा असतो. लीग झाली की एकामागून एक चषक स्पर्धा लागतात, त्यामुळं एका सीझनमध्ये गाठ एकदाच पडेल असंही नाही. आणि दर वर्षी पोरं त्याच त्या चुका करतात. साइडलाइनवरून हे बघून कंटाळा आला, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा आणि तो अजून त्यात आहे का बघा. हसू नका. संघ सोडलेला माणूस ग्रुपमध्ये तसाच राहिलाय आणि आपण लाइनअप, कोणाचा गुडघा दुखतोय, सकाळी किती वाजता जमायचं हे सगळं त्याच्यासमोर टाकतोय, हे मी पाहिलंय. तो वाचणार नाही असं म्हणू नका. तुम्ही असता तर वाचलं नसतं का?

"मला त्याचा सगळा गेम पाठ आहे"

ही माझी लाडकी चूक. हे वाक्य ऐकलं की मी ओळखतो, आज या पोराच्या बाजूनं गोल खाणार.

एका चषक स्पर्धेची सेमीफायनल होती. आमच्याकडं काही सीझन खेळलेला राइट विंगर (उजव्या कडेनं हल्ला करणारा) त्या वर्षी दुसऱ्या पेठेत गेला होता. नावं सांगत नाही, दोघंही अजून खेळतात. त्याला अडवायचं काम ज्याचं, त्या आमच्या लेफ्ट बॅकनं आठवडाभर एकच लावून धरलेलं, "सर, तो कडेवरून आत, मैदानाच्या मध्याकडं कट मारणार आणि डाव्या पायानं मारणार. आतली बाजू बंद केली की विषय संपला." मी म्हटलं, त्यांच्या गेल्या दोन मॅच बघितल्यास का? तर म्हणे, "त्याच्याबरोबर इतकी वर्षं खेळलोय, बघायचं काय त्यात?"

मॅच सुरू झाली. आमचा बॅक आतली बाजू धरून उभा, बाहेरची मोकळी. विंगर पहिल्यांदा बाहेरून लाइनीला गेला, क्रॉस टाकला, वाचलो. दुसऱ्यांदा परत बाहेरून, पुन्हा वाचलो. तिसऱ्यांदा त्यांच्या स्ट्रायकरनं हेड मारून बॉल जाळ्यात घातला. आणि आमचा बॅक हात पसरून माझ्याकडं बघतोय, जणू विंगरनं त्याला फसवलं.

फसवलं कोणी नव्हतं. तो आमच्याकडं असताना आमचा राइट बॅक सारखा ओव्हरलॅप करून वर जायचा. बाहेरची जागा तो घ्यायचा, म्हणून विंगरला आत यावंच लागायचं. नव्या संघाचा राइट बॅक हाफलाइन ओलांडत नव्हता. बाहेर सगळं रान मोकळं, मग तो आत कशाला येईल? ज्याला आम्ही त्याची सवय समजत होतो ती अर्धी आमच्या संघाची सवय होती. संघ बदलला, ती गेली.

दुसरी गंमत म्हणजे विंगरला आमचा बॅक पाठ होता. बॅकच्या डाव्या घोट्याला जुनी दुखापत, त्या बाजूला वळायला त्याला वेळ लागतो. एकत्र प्रॅक्टिस केलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. तो बाहेरून जात होता त्याचं निम्मं कारण हे होतं. आपल्याला त्याचं गुपित माहीत आहे म्हणून खूश होणारी पोरं, त्यानंही आपल्याला शॉवरपासून शिनगार्डपर्यंत बघितलंय हे विसरतात.

हाफ टाइमला मी बॅकला दोन पावलं मागं, अंग तिरकं ठेवून उभं राहायला सांगितलं आणि लेफ्ट हाफला त्याच्या पाठीशी दिलं. त्यानंतर त्या बाजूनं काही झालं नाही. पण मॅच १-२ अशी गेली ती गेलीच.

म्हणून माझी सवय सांगतो, पद्धत म्हणा हवं तर. जुना माणूस समोर येणार असला की त्याच्या नव्या संघाची निदान एक मॅच स्टेडियमवर बसून बघायची. मोबाइलवर रील बघून नाही. रीलमध्ये त्याचे गोल दिसतात. बॉल नसताना तो कुठं उभा राहतो ते दिसत नाही, आणि मॅच तिथंच ठरते. त्याला पास कोण देतं, त्याच्यामागं कोण आहे, बॉल गेल्यावर तो परत पळतो की कमरेवर हात ठेवतो, एवढं वहीत लिहा. बॉल नसताना बघत राहायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. नव्या पोरांना दहा मिनिटांत कंटाळा येतो, आणि मग पुढच्या मॅचला नव्वद मिनिटं त्याच्यामागं पळावं लागतं.

जुनी माहिती सगळीच फेकून द्या असंही नाही. शरीराची आणि स्वभावाची माहिती टिकते. कच्चा पाय कच्चाच राहतो. फाउल झाल्यावर चिडणारा चिडतोच. शेवटच्या वीस मिनिटांत दम लागणाऱ्याला नव्या शर्टातही दम लागतो. जागेची आणि डावपेचाची माहिती मात्र शिळी समजा.

पहिल्याच मिनिटाला "दाखवून देणं"

व्हिसल वाजली की धावत जाऊन त्याच्या घोट्यावर. कशासाठी? गॅलरीतल्या पेठेच्या लोकांना दाखवायला. पाचव्या मिनिटाला पिवळं कार्ड घेतलेला बॅक उरलेल्या ८५ मिनिटांत टॅकल करू शकत नाही, आणि हे समोरच्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

लुईस फिगो २००० साली बार्सिलोना सोडून थेट कट्टर प्रतिस्पर्धी रिआल माद्रिदला गेला. फुटबॉलमध्ये याहून मोठी गद्दारी कुठली, असं बार्सिलोनाचे लोक आजही विचारतील. २१ ऑक्टोबर २००० ला तो बार्सिलोनाच्या मैदानावर, कॅम्प नाऊवर परत आला तेव्हा सगळं स्टेडियम त्याच्यावर तुटून पडलेलं. मैदानात त्याच्यामागं लावला होता कार्लेस पुयोल, आदल्या सीझनपर्यंत त्याच्याच संघात असलेला तरुण पोरगा. पुयोल फिगो जाईल तिथं गेला, त्याला वळू दिलं नाही, बॉल घेऊन पुढं तोंड करू दिलं नाही. बार्सिलोना २-० नं जिंकलं. राग काढायचं काम गॅलरीनं केलं, पुयोलनं मार्किंगचं केलं. आपल्याकडं गॅलरी आणि बॅक दोघंही राग काढतात आणि मार्किंग कोणीच करत नाही.

उलटी बाजूही बघा. सप्टेंबर २००९ मध्ये मँचेस्टर सिटीकडून खेळताना अडेबायोरनं आपल्या जुन्या आर्सेनलविरुद्ध गोल मारला आणि अख्खं मैदान पळत जाऊन आर्सेनलच्या प्रेक्षकांसमोर घसरला. सिटी ४-२ नं जिंकली, पण त्याच मॅचमध्ये जुना सहकारी व्हॅन पर्सीच्या तोंडाला त्याचा बूट लागला, त्याबद्दल तीन मॅचची बंदी आली. एक मॅच जिंकून तीन मॅच बाहेर. हिशेब तुम्हीच करा.

माझ्या पोरांना मी वॉर्मअपच्या वेळीच त्याला जाऊन भेटायला सांगतो. हात मिळवा, घरचे कसे आहेत विचारा, परत या. भेटलेलं असलं की पहिल्या मिनिटाचा तो कढ निम्मा उतरतो. काहींना हे मवाळ वाटतं. वाटू दे.

बाकीच्या, पटकन

कॉर्नरच्या खुणा बदला. एक हात वर म्हणजे जवळचा खांब, दोन हात म्हणजे लांबचा, हे त्यानंच तुमच्याबरोबर ठरवलेलं असतं.

एका माणसासाठी तीन माणसं धावू देऊ नका. त्याच्यावर राग सगळ्यांचा असला तरी मार्किंग एकाचंच.

त्याच्या घरातलं, लग्नातलं, उधारीतलं काही मैदानात काढू नका. रेफ्री ऐको न ऐको, गाव ऐकतं.

तो बेंचवर आहे म्हणून सुटलो असं समजू नका. ऑगस्ट २०२० मध्ये बार्सिलोनानंच लोनवर (तात्पुरता, उसना) दिलेला कुटिन्यो बायर्न म्युनिकच्या बेंचवरून उठला आणि बार्सिलोनाला दोन गोल मारून गेला. ८-२ ची ती मॅच.

टायब्रेकर

मॅच बरोबरीत सुटली की पेनल्टी मारून निकाल लावायचा, तो टायब्रेकर. यावर थोडं जास्त बोलायला लागेल, कारण चषक स्पर्धांत हे हटकून येतं. जुना सहकारी समोर गोलकीपर असेल तर तुमची आवडती बाजू त्याला माहीत असते. आणि ती त्याला माहीत आहे हे तुम्हाला माहीत असतं. इथून डोकं फिरायला सुरुवात होते.

२०२२ च्या वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलमध्ये इंग्लंडचा हॅरी केन आणि फ्रान्सचा गोलकीपर ह्युगो लोरिस समोरासमोर आले. टॉटनहॅममध्ये दोघं वर्षानुवर्षं एकत्र. तेव्हाही एकाच क्लबात होते, फक्त देश वेगळे. पहिली पेनल्टी केननं मारली. ८४ व्या मिनिटाला दुसरी मिळाली, ती क्रॉसबारवरून गेली, आणि फ्रान्स २-१ नं पुढं गेलं. केनच्या डोक्यात काय चाललं होतं ते केनला माहीत. पण त्याच कीपरसमोर एकाच मॅचमध्ये दुसऱ्यांदा उभं राहणं सोपं नसतं एवढं मी सांगतो.

पोरं यावर शॉर्टकट काढतात, "आज उलट्या बाजूला मारतो." सरावात कधी न मारलेली बाजू सेमीफायनलला? असा बॉल एक तर बाहेर जातो, नाहीतर कीपरच्या हातात घरपोच. बाजू तीच ठेवा, मारा जोरात आणि खाली. बाजू ओळखूनही कीपर तिथपर्यंत पोचला पाहिजे ना.

आणि पहिले पाच कोण हे मी मॅचच्या आधीच कागदावर लिहितो. ज्यानं त्या कीपरसमोर सगळ्यात जास्त सराव केलाय त्याला सहावा ठेवतो. तो नाराज होतो, दोन दिवस बोलत नाही. पाच-पाच पेनल्टींनंतरही बरोबरी राहून सडन डेथ आली तरच त्याचा नंबर.