सौरडागांची रोजनिशी आणि अलिबागचा चुंबकीय आलेख

सूर्यावरील डागांची रोजची मोजणी ही सूर्याच्या अभ्यासातील सर्वांत जुन्या पद्धतींपैकी एक असून ती आजही चालू आहे. साठ मिलिमीटर वस्तुभिंगाची साधी दुर्बीण, पांढरा पुठ्ठा आणि चिकाटी एवढ्या सामग्रीवर ती कोणालाही करता येते.

दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, ग्रहणाचा चष्मा लावूनसुद्धा नाही. एकवटलेला प्रकाश तो चष्मा आणि डोळा दोन्ही जाळू शकतो. सूर्याची प्रतिमा नेत्रिकेमागे, म्हणजे डोळ्याकडील भिंगामागे, धरलेल्या पुठ्ठ्यावरच घ्यावी, शोधक दुर्बिणीचे (नेम धरण्यासाठी वर बसवलेल्या लहान दुर्बिणीचे) तोंड झाकून ठेवावे, आणि मुले आसपास असतील तर दुर्बीण क्षणभरही एकटी सोडू नये. नेत्रिका प्लॅस्टिकची असल्यास ती वितळण्याचा धोका असतो. दुर्बीण सूर्यावर रोखताना तिच्या नळीची जमिनीवरील सावली पाहावी. सावली सर्वांत लहान झाली की नेम लागला.

पुठ्ठ्यावर पंधरा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखून प्रतिमा त्यात नेमकी बसेल एवढे अंतर ठेवावे. जमीन तापण्यापूर्वीची सकाळची वेळ उत्तम, कारण नंतर हवा थरथरू लागते व लहान डाग पुसट होतात. दुर्बीण स्थिर ठेवली की प्रतिमा ज्या बाजूला सरकते ती पश्चिम. तशी खूण करून मग डाग पेन्सिलीने उतरवावेत. शंका आल्यास नेत्रिका हळूच फिरवावी: जो ठिपका तिच्याबरोबर फिरतो, तो डाग नसून धूळ आहे.

मोजणीसाठी स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वोल्फ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात घालून दिलेला नियम वापरावा. डागांच्या गटांची संख्या दहाने गुणून तीत सर्व सुट्या डागांची संख्या मिळवावी; हाच वोल्फ अंक. तीन गट व चौदा डाग असतील तर ४४, आणि एकच डाग दिसला तर ११, कारण तो एक गटही असतो. निरीक्षक आणि दुर्बीण बदलली की आकडा बदलतो, म्हणून ब्रुसेल्स येथील केंद्र जगभरच्या नोंदी एकत्र करताना प्रत्येकाला वेगळा गुणक लावते. आपला आकडा तेथील आकड्यापेक्षा कमी आला तर बिघडत नाही. पद्धत मात्र मध्येच बदलू नये. ढगाळ दिवशी शून्य लिहिणे ही मात्र गंभीर चूक होय, कारण शून्य याचा अर्थ ‘पाहिले आणि डाग नव्हते’ असा होतो. कोकणातील पावसाळ्यात रकाने आठवडेच्या आठवडे रिकामे राहतील. ते तसेच राहू द्यावेत.

आता पृथ्वीकडील बाजू. डागांच्या गटांतून निघालेले भारित कण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हलवतात, त्यालाच चुंबकीय वादळ म्हणतात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८५९ च्या सप्टेंबरमधील महावादळाची चुंबकीय नोंद झाली होती, आणि त्याच्या आदल्या दिवशीच खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये प्रतिमा रंग दिलेल्या काचेवर घेऊन डाग उतरवत असताना सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा अचानक लखलखाट, पाहिली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचे विद्युतप्रवाह चुंबकमापनात व्यत्यय आणणार असल्याने हे काम अलिबागला हलवले गेले, तेथे ते १९०४ पासून चालू आहे. अलिबाग ‘इंटरमॅग्नेट’ या जागतिक जाळ्यात असल्याने तेथील मोजमाप अभ्यासकांना उपलब्ध होते. त्यातील पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक पाहावा. शांत दिवशी तो दुपारच्या सुमारास दहाच्या काही पटींइतक्या नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे लहान एकक) वाढून पुन्हा उतरतो. वादळात बहुधा एकदम उसळतो, नंतर तासन्‌तास घसरतो आणि पूर्ववत होण्यास काही दिवस घेतो.

ताडून पाहताना घाई नडते. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोहोचतो, पण वादळ आणणारा भारित कणांचा मेघ सहसा एक ते तीन दिवस घेतो, म्हणून डागांची आजची आकृती आजच्याच आलेखाशी जोडून काही हाती लागत नाही. शिवाय मोठा गट सूर्याच्या कडेला असेल तर त्यातून निघालेला मेघ बहुधा आपल्याला चुकवून जातो, आणि अगदी समोरून आला तरी त्याच्यातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले नसेल तर परिणाम सौम्य राहतो. ही दिशा जमिनीवरून कळत नाही. ती पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे पंधरा लाख किलोमीटरवरील एल-१ बिंदूच्या परिसरातील याने मोजतात, ज्यांत जानेवारी २०२४ पासून ‘आदित्य-एल१’ही आहे. म्हणून वहीत गट, डाग आणि वोल्फ अंक यांच्या शेजारी गटाचे स्थान आणि पुढील तीन दिवसांचा अलिबागचा आलेख यांसाठी रकाने ठेवावेत, आणि संबंध न जुळलेले दिवसही तितक्याच नेटाने भरावेत.