सूर्यमालेतील वस्तीची कथा लिहिताना

मराठवाड्यातील नवा लेखक सूर्यमालेत विखुरलेल्या मानवाची कथा लिहावयास बसतो, तेव्हा बहुधा यानाच्या इंजिनापासून सुरुवात करतो. त्याने इंजिन बाजूला ठेवून आधी पाण्याचा हिशेब मांडावा, असे मी सुचवीन. इंजिनाविषयी त्याला वाचून लिहावे लागेल, पाण्याच्या टंचाईविषयी मात्र त्याच्याजवळ घरचीच माहिती आहे.

त्याआधी ठिकाण ठरवावे, आणि एका कथेत एकच वस्ती घ्यावी. चंद्राच्या ध्रुवांजवळ काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही व तेथे बर्फ टिकून राहतो. शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे 460 अंश सेल्सिअस तापमान असले, तरी 50 ते 55 किलोमीटर उंचीवर उष्णता व दाब पृथ्वीच्या जवळपास येतात, म्हणून तेथे तरंगती वस्ती कल्पिता येते. शनीच्या टायटन या चंद्रावर दाट वातावरण आहे, परंतु थंडी उणे 179 अंशांची आहे. पहिल्या कथेसाठी मंगळ बरा: तेथील दिवस 24 तास 39 मिनिटांचा असल्याने पात्रांची दिनचर्या वाचकाला परकी वाटत नाही.

आता पाणी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी आणले. त्याच्या थोडे आधी लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू करण्यात आली होती. कथाकाराच्या दृष्टीने गाडीपेक्षा ही जमावबंदी अधिक मोलाची आहे, कारण पाणी किती आहे यापेक्षा तोटी कोणाच्या हाती आहे, या प्रश्नातून कथानक निघते. मंगळावरच्या वस्तीत पाचशे माणसे आहेत व प्रत्येकाला रोज 20 लिटर पाणी मिळते, असे समजू. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात घाम, श्वासातील बाष्प आणि मूत्र यांतून 98 टक्के पाणी परत मिळवता येते, हे 2023 मध्ये सिद्ध झाले. तेच प्रमाण धरले, तरी 10,000 लिटरमागे रोज 200 लिटरची तूट येते आणि तेवढा बर्फ धुळीखालून रोज खणून काढावा लागतो. तो कोण खणतो, कोण मोजतो, यंत्र चार दिवस बंद पडले तर प्रथम कोणाच्या वाट्याला कात्री लागते, हे लिहून काढल्यावर अर्धी कथा हाती येते. तेथील मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, हे 2008 मध्ये फिनिक्स यानाने दाखवून दिले; त्यामुळे पीक घ्यावयाचे तर माती धुवावी लागेल, म्हणजे पुन्हा पाणीच आले.

खणणारी माणसे निवडताना शास्त्रज्ञ आणि कप्तान यांच्यापलीकडे पाहावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतात, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो, आणि ती उचल हंगामभर तोडलेल्या उसातून फेडली जाते. ही व्यवस्था बर्फाच्या खाणीवर नेऊन पाहावी. पृथ्वी व मंगळ सोयीच्या स्थितीत साधारण 26 महिन्यांनी एकदा येतात, म्हणून एका हंगामात उचल फिटली नाही, तर मजुराला पाडव्याला घर गाठता येत नाही, पुढील यानापर्यंत थांबावे लागते आणि त्या काळातील हवा-पाण्याचे पैसेही त्याच्याच नावे चढतात. शिवाय मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या 38 टक्के आहे. त्यात वाढलेले मूल मोठेपणी आजीच्या गावी आले, तर त्याला स्वतःचे वजन अडीच पटींहून अधिक वाटेल. ते उभे राहू शकेल की नाही, हे लेखकाने ठरवावे, परंतु एकदा ठरवले की शेवटपर्यंत पाळावे.

संवादांत नवखे लेखक हमखास घसरतात. मंगळावरून पृथ्वीवर संदेश पोचण्यास ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे 3 ते 22 मिनिटे लागतात, त्यामुळे आई-मुलाचे फोनवरील भांडण तेथे शक्यच नाही. अशा प्रसंगी पत्राचा घाट वापरावा: आईचा निरोप निघतो तेव्हा मुलाचा निर्णय झालेला असतो आणि दोघांपैकी कोणालाच ते ठाऊक नसते.

सणांकडे मात्र सावकाश पाहावे. लातूर-धाराशिवकडचे कुटुंब मंगळावर येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात होणारा सण, कशी करील? अमावस्या पृथ्वीच्या चंद्राची. मंगळाचा चंद्र फोबोस तर साडेसात तासांच्या आसपास एक फेरी पूर्ण करतो आणि पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. तेव्हा तिथी पृथ्वीच्या पंचांगावरूनच घ्यावी लागेल. त्या दिवशीच्या भज्जीला, म्हणजे मिसळीच्या भाजीला, लागणाऱ्या शेंगा दिव्याखाली वाढवता येतील, परंतु आंबिलीच्या ताकासाठी तेथे म्हैस नाही. कोणीतरी सोयाबीनच्या दुधाला विरजण लावील, आणि त्या चवीवरून घरातील म्हातारी जे बोलेल, ते तिच्याच बोलीत लिहावे. निवेदन प्रमाणभाषेत असल्याने काही बिघडत नाही.

पहिला खर्डा झाल्यावर त्यातील प्रत्येक आकड्याखाली रेघ ओढावी. ज्या आकड्याने कोणत्याही पात्राचे काही अडत नाही, तो कथेतून काढून वहीत ठेवावा, कारण दुसऱ्या वस्तीची कथा लिहिताना तो लागेल.