मृगाआधी दप्तर वर उचला
कोकणात ओल भिंतीतूनच येते. म्हणून मृग लागायच्या आत ग्रामपंचायतीचं दप्तर जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून सुटं ठेवा. नमुना ८ची, म्हणजे घरपट्टी आकारणीची, नोंदवही भिजलीच, तर उन्हात टाकू नका, पानं आकसतात. दहा-पंधरा पानांआड टीपकागद घालून पंख्याखाली वाळवा, कागद बदलत राहा. ४८ तासांत बुरशी धरू शकते. ‘भाऊसाहेब (ग्रामसेवक) आल्यावर बघू’ चालत नाही. फाटक्या पानाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. सुकल्यावर स्कॅन करा आणि दप्तराची सूची फलकावर लावा. माहिती अधिकार कायदा, २००५च्या कलम ४ नुसार सूची ठेवणं बंधनकारकच आहे, आणि गणपतीला आलेले चाकरमानी आधी घरपट्टीचा उतारा मागतात. लोकांचे आधार, मोबाईल क्रमांक मात्र झाका.