लिहित्या माणसाचे कागद: कसे लावावे, कसे जपावे

लेखकाचे कागद वाळवीने जात नाहीत तितके आवराआवरीत जातात. तेरावा झालेला असतो, खोली रिकामी करायची असते. नाहीतर दिवाळीच्या तोंडावर फडताळ उपसलं जातं. छापील पुस्तकं कपाटात राहतात आणि वह्या, पत्रं, बिलांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेले खर्डे रद्दीच्या काट्यावर चढतात. पुस्तकाची प्रत कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयात सापडते, खर्ड्याला दुसरी प्रत नसते. म्हणून पहिलं काम हे: निदान तीन महिने त्या खोलीतला एकही कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि कुणी तो मायेनं ‘नीट लावून’ही ठेवायचा नाही.

हात लावण्याआधी

खोली आहे तशी मोबाईलवर टिपून घ्या. आधी पूर्ण कपाट, मग एकेक खण, मग एकेक गठ्ठा वरून आणि कडेनं. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक द्या. क्रमांक वेगळ्या कागदी चिठ्ठीवर लिहून गठ्ठ्यात खोचा, गठ्ठ्यावर लिहू नका. बांधायचं असेल तर पांढरी सुती नाडी सैलसर बांधा. रबर उन्हाळ्यात वितळतं, मग कडक होऊन कागदाला चिकटून बसतं.

एवढी काळजी अशासाठी की लेखकानं जे एकत्र ठेवलं त्यालाही अर्थ असतो. संपादकाचं नकाराचं पत्र, तीच कविता पुन्हा लिहिलेला कागद आणि एसटीचं तिकीट एकाच वहीत सापडलं, तर ती कविता कधी आणि कुठल्या प्रवासात बदलली याचा माग लागतो. सगळी पत्रं एकीकडे आणि सगळ्या कविता दुसरीकडे केल्या की हा धागा तुटतो, आणि तो नंतर कुणालाही जोडता येत नाही.

जागा आणि हंगाम

मराठवाड्यात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावं. एप्रिल-मे महिन्यात दुपारच्या हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. तेव्हा जुना पिवळा कागद इतका कडक होतो की घडी उघडताना तिथेच मोडतो. घडीची पत्रं उन्हाळ्यात उघडायचीच नाहीत. पावसाळ्यात अडचण उलटी असते. आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. पावसाच्या दिवशी पेट्या उघडून बसू नये. डिजिटल आर्द्रतामापक काहीशे रुपयांत मिळतो, तो कपाटाच्या आत ठेवा. आकडा पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या दरम्यान राहिला तर उत्तम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो एकदम वर-खाली होऊ नये.

माळवदाच्या घरात छतातून माती आणि ओल उतरते, पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात भट्टी पेटते. पोटमाळाही याच कारणानं वाईट. घरातली आतली, उत्तरेकडची, न्हाणीघराला न चिकटलेली भिंत निवडा. लोखंडी कपाट किंवा पत्र्याची ट्रंक चालेल, मात्र ती विटांवर जमिनीपासून सहा इंच उचलून आणि भिंतीपासून तीन-चार इंच सोडून ठेवा. वाळवी भिंतीतून मातीची नळी बांधत येते. मागे फट असेल तर नळी दिसते आणि वेळीच मोडता येते. ट्रंकेच्या आत गंज असेल तर कागद थेट टेकू देऊ नका, तळाला जाड पुठ्ठा आणि त्यावर कापड घाला.

झाडणं, आणि काय करायचं नाही

इंच-दीड इंच रुंदीचा, रंगकामाचा मऊ ब्रश कोरडा वापरा. कागद सपाट टेबलावर ठेवून मधून कडेकडे हलकं झाडा. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे कागदासाठी घालू नयेत, बोटांना अंदाज येत नाही आणि फाटकी कड अडकते. फोटो आणि निगेटिव्ह हाताळताना मात्र नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे हवेत.

टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना गंजतात आणि कागदाला भोक पाडतात, त्या काढा. ओढून काढायच्या नाहीत. पिनेखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, मागचे दोन्ही पाय बोथट सुरीनं उभे करा, मग वरून उचला. ते कागद एकत्र होते हे कळावं म्हणून त्यांना पांढऱ्या कागदाच्या एका घडीत ठेवा.

सेलोटेप लावू नका. आधीपासून लावलेली असेल तर ओढू नका, शाईचा थरच सोबत निघून येतो. लॅमिनेशन तर कधीच नको. उष्णतेनं चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा काढता येत नाही आणि कागद आतल्या आत सडत राहतो. फाटलेलं पान फाटलेलंच पाकिटात ठेवा. जोडायचंच असेल तर ते काम जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीनं, शिकलेल्या माणसानं करायचं.

आपल्याकडे पापड-कुरडयांच्या शेजारी पोथ्या-वह्याही उन्हात घालतात. ही सवय मोडायला हवी. उन्हानं शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. ओल काढायची ती सावलीत, पंख्याखाली. पंख्याचा झोत थेट पानांवर नको. कागद भिजलेच तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत वाळायला लागले पाहिजेत, त्यानंतर बुरशी येते. पानांमध्ये टिपकागद घाला, छापलेलं वर्तमानपत्र नको. जुनी फाउंटन पेनची निळी शाई पाण्यात विरघळते, म्हणून ओलं पान दाबून टिपायचं नाही. सगळं एका दिवसात वाळवता येत नसेल तर उरलेलं प्लॅस्टिक पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये टाका आणि सवडीनं थोडं थोडं बाहेर काढा.

कसर आणि भुंगेऱ्यांवरही फ्रीझरच चांगला. वही पिशवीत घालून हवा काढून पक्की बंद करा आणि उणे अठरा ते वीस अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी वहीवर जमतं. डांबरगोळ्यांच्या वासानं किडीची अंडी मरत नाहीत. वास कागदात मुरतो, ध्वनिफिती आणि फोटोंच्या प्लॅस्टिकला बाधतो, आणि घरातल्या माणसांनाही तो चांगला नाही. ओला कडुलिंब ठेवला तर ओल वाढते. कीटकनाशकाचा फवारा कागदावर कधीच मारू नये. बुरशी दिसली तर ती वही वेगळ्या पिशवीत काढा, वाळवा आणि एन-९५ मास्क लावून घराबाहेर ब्रशनं झाडा. ओल्या फडक्यानं पुसली तर ती पसरते.

कशात ठेवायचं

आम्लमुक्त फोल्डर आणि खोके मागवता आले तर उत्तमच. दौलताबाद-खुलताबाद परिसरात कागजीपुऱ्याला हातकागदाची जुनी परंपरा आहे. चिंध्यांपासून बनवलेला असा कागद पाकिटांसाठी चांगला. फक्त घेताना पीएच पेननं एक रेघ ओढून पाहा: जांभळी राहिली तर कागद वापरा, पिवळी झाली तर आम्ल आहे, सोडून द्या. बाहेरून गुंडाळायला मांजरपाट घ्या. दफ्तरं रुमालात बांधायची आपली जुनी रीत योग्यच होती, कापड श्वास घेतं आणि धूळ अडवतं. नवा मांजरपाट दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाका, कारण कसर खळीवरच येते.

एका पाकिटात वीस-पंचवीस कागदच घाला. खोकं गच्च भरू नका आणि अर्धं रिकामंही ठेवू नका, रिकाम्या खोक्यात कागद वाकतात. डायऱ्या आडव्या ठेवा, मोठी खाली. डायरीची शिवण सुटली तरी नवी बांधणी करायची नाही, नाडीनं बांधून ठेवायची. आत खोचलेलं बिल, फोटो, वाळलेलं पान बाहेर काढावं लागलं तर त्या जागी चिठ्ठी घालून पान क्रमांक लिहा. कात्रणं बाकीच्या कागदांपासून वेगळी करा. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, शेजारच्या पत्रावरही त्याचा तपकिरी डाग उमटतो. जुन्या ‘दैनिक मराठवाडा’मधलं सदर असेल तर चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढा, तारीख लिहा, आणि मूळ कात्रण स्वतंत्र पाकिटात ठेवा.

लावणी आणि यादी

गठ्ठ्यांना क्रमांक पडल्यावरच विभाग करा, आणि ते आधी यादीत करा. लेखकाची मांडणी समजण्यासारखी असेल तर कागद हलवायचेच नाहीत. ती विस्कटलेली असेल तर साधारण हे विभाग पुरतात:

१. डायऱ्या आणि टिपणवह्या, वर्षानुसार.
२. पत्रव्यवहार: आलेली पत्रं पाठवणाऱ्याच्या नावानं, पाठवलेल्या पत्रांच्या नकला वेगळ्या. पाकीट आणि आंतरदेशीय पत्राचा बाहेरचा भाग टाकू नका, पोस्टाचा शिक्का तिथेच असतो.
३. हस्तलिखितं: एका कलाकृतीचे सगळे खर्डे एकत्र. पहिला खर्डा, सुधारलेला खर्डा, मुद्रणप्रत, प्रूफं. क्रम लागत नसेल तर खाडाखोड पाहा. एका कागदावर समासात वाढवलेली ओळ दुसऱ्यात सरळ लिहिलेली आली असेल, तर दुसरा नंतरचा.
४. भाषणं, मुलाखती, ध्वनिफिती. आकाशवाणीच्या परभणी किंवा संभाजीनगर केंद्रावरचं करारपत्र सापडलं तर तेही इथेच, त्यावरून प्रसारणाची तारीख कळते.
५. कात्रणं, निमंत्रणपत्रिका, फोटो.
६. घरचे कागद: हिशेब, शेतीचे कागद, शाळेचे दाखले.

सहावा विभाग लोक सगळ्यात आधी फेकतात. १९७२च्या दुष्काळातल्या हिशेबवहीत जोंधळ्याचा भाव आणि मजुरीचे आकडे असतात. त्या वर्षांवर लिहिलेल्या कथेची जमीन तिथेच सापडते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की वेळ कमी असेल तर कात्रणांची यादी मागे ठेवा, हिशेबवह्यांची आधी करा.

कागदावर क्रमांक घालायचा तो मऊ पेन्सिलीनं, पाठीमागे खालच्या कोपऱ्यात, कडक पृष्ठभागावर ठेवून आणि दाब न देता. यादीतली एक नोंद कशी असावी त्याचा हा नमुना (प म्हणजे पत्रव्यवहार, ३ हा पाकिटाचा आणि १४ हा पत्राचा क्रमांक):

*प/३/१४. पोस्टकार्ड, दोन्ही बाजू लिहिलेल्या, निळी शाई. परभणीहून, धाकट्या भावाचं. मजकुरात तारीख नाही, शिक्का ४ नोव्हेंबर १९७२. विषय: खडी केंद्रावरची मजुरी, बैल विकल्याची बातमी, शेवटी कथेच्या शीर्षकाविषयी दोन ओळी. डावा कोपरा कसरीनं खाल्लेला, मजकूर शाबूत. मूळ जागा: गठ्ठा ७, १९७२ची डायरी, ४ नोव्हेंबरचं पान.*

अंदाजानं दिलेली तारीख चौकटी कंसात आणि प्रश्नचिन्हासह लिहा.

निजामी राजवटीतल्या कागदांवर फसली सन, म्हणजे तेव्हाची सरकारी कालगणना, असतो. आजूर, बहमन, खुर्दाद असे महिने दिसले की तो ओळखावा. फसली सालात ५९० मिळवा. वर्ष ऑक्टोबरात बदलत असल्यानं जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१. म्हणजे फसली १३५७ हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८, मुक्तिसंग्रामाचं निर्णायक वर्ष. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत ७९. यादीत मूळ सन आधी लिहा, इसवी सन नंतर. उर्दू किंवा मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून ‘इतर’मध्ये ढकलू नका. ‘उर्दू, दोन पानं, शिक्का आहे’ एवढी नोंद तरी करा.

फोटो आणि फाइली

स्कॅनर असेल तर ३०० पीपीआय (इंचामागे इतके बिंदू), रंगीत. पोस्टकार्ड किंवा बारीक अक्षर असेल तर ४०० ते ६००. मोबाईलनं काढायचं तर खिडकीचा उजेड घ्या, फ्लॅश बंद ठेवा, खाली काळं कापड आणि शेजारी पट्टी ठेवा. स्कॅन ॲपमधलं ‘कागद पांढरा करा’ हे फिल्टर बंद करा, ते पेन्सिलीच्या खुणा पुसून टाकतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र आक्रसतं, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाइलचं नाव यादीतल्या क्रमांकावरून द्या. मूळ प्रत टिफमध्ये (चित्राचा तपशील न गमावणाऱ्या फाइल प्रकारात) ठेवता आली तर ठेवा. ए-४ आकाराचं एक रंगीत पान ३०० पीपीआयला साधारण २६ एमबी जागा घेतं, त्या हिशेबानं हार्ड डिस्क घ्या. तीन प्रती करा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी.

१९९०नंतरच्या लेखनाची अडचण वेगळी आहे. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल नव्या संगणकावर उघडली की कचरा दिसतो. मूळ फाइल जपा, तो फॉन्ट असलेल्या डीटीपीवाल्याकडून फॉन्टसकट पीडीएफ करून घ्या आणि युनिकोडमध्ये रूपांतर केलेली प्रत वेगळी ठेवा. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, म्हणून ती प्रत पीडीएफशी ताडून पाहा.

खासगी मजकूर आणि हक्क

डायरीत आजारपण, कर्ज, घरातली भांडणं, हयात माणसांविषयीचा राग असतो. अशी पानं फाडू नका, जाळू नका. ती वही पाकिटात बंद करून ‘अमुक वर्षापर्यंत उघडू नये’ असं लिहून सही करा आणि यादीत तशी नोंद ठेवा.

आलेलं पत्र कागद म्हणून तुमचं असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो. छापायचं तर त्याची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी हवी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हा हक्क लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं टिकतो. मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनासाठी ही साठ वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात. मृत्युपत्रानं अप्रकाशित हस्तलिखित कुणाला दिलं असेल तर, मृत्युपत्रात वेगळं सांगितलेलं नसल्यास, कॉपीराइटही त्याच्याकडे जातो. संस्थेला कागद भेट दिल्यानं मात्र हक्क आपोआप जात नाही. तो द्यायचा की ठेवायचा हे दानपत्रात स्पष्ट लिहा.

संस्थेकडे देताना

छत्रपती संभाजीनगरातली मराठवाडा साहित्य परिषद, तिथलं आणि नांदेडचं विद्यापीठ, राज्याचा पुराभिलेख विभाग, जिल्ह्यातलं जुनं ग्रंथालय: जिथे द्यायचं तिथे आधी एकदा पावसाळ्यात जाऊन कोठार पाहा. भिंतीला ओल आहे का, कागद जमिनीवर आहेत का, वाचकाला कोण आणि कुठे बसवतं. संग्रह फोडू नका. डायऱ्या एका गावी आणि पत्रं दुसऱ्या गावी गेली तर अभ्यासकाला दोन्ही अर्धवटच मिळतात. सगळे कागद एकाच ठिकाणी ठेवायला संस्था तयार नसेल तर डिजिटल प्रत द्या आणि मूळ कागद घरीच ठेवा. देताना यादीच्या दोन प्रती करा, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, बंद पाकिटांचे क्रमांक वेगळे लिहा आणि एक प्रत घरी ठेवा.