घरच्या स्पीकरसाठी लोखंडी स्टँड : वेल्डिंग कमी, स्टँड सरळ

घरी स्पीकर बनवणाऱ्यांची सगळी हौस खोक्यावर खर्च होते आणि स्टँड शेवटी ग्रिलवाल्याकडून उरकून घेतला जातो. ग्रिलला जे चालतं ते स्टँडला चालत नाही. ग्रिल भिंतीत अडकवलेली असते, थोडी वाकडी असली तरी कळत नाही. स्टँड मात्र व्हिट्रिफाइड टाइल्सवर उभा राहतो आणि तळ जरा जरी वाकला असेल तर डुगडुगतो. म्हणून तो स्वतः करा. ठाण्यात वागळे इस्टेटला किंवा इकडे नवी मुंबईत रबाळे-तुर्भ्याला ओळखीचं वर्कशॉप असेल तर एक दुपार मागून घ्या. सोसायटीच्या गच्चीवर वेल्डिंग करू नका.

खोक्याचं थोडक्यात : ड्रायव्हरसोबत (म्हणजे आवाज काढणाऱ्या भागासोबत) येणाऱ्या कागदावर एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे त्याच्या मोजमापाचे आकडे हवेत, त्यांवरून खोका किती लिटरचा ते ठरतं. आकडे नसलेला ड्रायव्हर स्वस्त असला तरी घेऊ नका. 18 मिमीचा एमडीएफ घ्या, सांधे हवाबंद करा, आत पॉलिएस्टरचा कापूस भरा.

उंचीचा हिशोब तुमच्या बसण्यावरून करा. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा ड्रायव्हर, कानाच्या पातळीला आला पाहिजे. सोफ्यावर बसल्यावर कान जमिनीपासून 92 सेंमीवर असेल आणि ट्वीटर खोक्याच्या तळापासून 28 सेंमीवर असेल, तर तळाची व वरची प्लेट आणि पाय यांचे साडेतीन सेंमी वजा करून खांब साधारण 60 सेंमीचा येतो. घरी गादी-लोडाची बैठक असेल तर पुन्हा मोजा. नेटवर मिळालेली तयार उंची कापून आणू नका.

प्रत्येक स्टँडसाठी लागतं : तळाला 300 × 250 मिमी, 6 मिमी जाड एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) प्लेट (वजन साडेतीन किलो भरतं), खांबाला 80 × 80 ची 2 मिमी जाडीची चौकोनी ट्यूब, आणि वर खोक्यापेक्षा किंचित लहान 5 मिमीची प्लेट. यासाठी कळंबोलीच्या लोखंड बाजारात जायची गरज नाही. ट्यूब अख्खी घेतली तर वीस फुटी येते. फॅब्रिकेटरकडे उरलेले तुकडे किलोवर मिळतात. ट्यूब चॉप सॉवरच (चकतीने सरळ कापणाऱ्या मशीनवर) कापा. टोक काटकोनात नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

सगळी भोकं वेल्डिंगच्या आधी पाडून घ्या. पायांच्या बोल्टसाठी तळाच्या चार कोपऱ्यांत 6.8 मिमीचं ड्रिल मारून एम8 चा (8 मिमी बोल्टचे आटे पाडणारा) टॅप फिरवा. 6 मिमीच्या प्लेटमध्ये पुरेसे आटे बसतात. इथे नट वेल्ड करायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला मान्य नाही. एक तर उगाच जास्त उष्णता प्लेटमध्ये जाते, आणि चकचकीत नटांवर जस्ताचा मुलामा असतो, त्याचा धूर ताप आणतो. वरच्या प्लेटमध्ये मधोमध 40 मिमीचं भोक पाडा, वाळूसाठी. ते असलं की वेल्डिंग करताना ट्यूबमध्ये तापलेली हवाही कोंडत नाही.

आता वेल्डिंग. सुरुवातीला मलाही याच टप्प्याने सगळ्यात जास्त दमवलं होतं, म्हणून सावकाश सांगतो. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि आजूबाजूचं लोखंड ओढून घेतो. वेल्डिंग प्लेटच्या वरच्या अंगाला होत असल्यामुळे तिच्या कडा वर उचलल्या जातात आणि खाली पोट येतं. ‘मजबुतीसाठी चारही बाजूंनी पूर्ण फिरवून घे’ असं सांगणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नका. दहा-बारा किलोच्या खोक्याला चार बाजूंना एकेक छोटा वेल्ड पुरतो.

प्लेट जाड चॅनेलवर ठेवा, मध्यभागी खाली एक मिलिमीटरचा पत्रा सरकवा आणि चारही कडा सी-क्लॅम्पने खाली दाबा. म्हणजे प्लेट आधीच उलट्या दिशेने किंचित वाकलेली राहते. वेल्ड होणारी जागा ग्राइंडरने पांढरी करून घ्या. 12 नंबरचा, म्हणजे 2.5 मिमीचा 6013 रॉड घ्या आणि करंट 70 ते 80 अँपिअर ठेवा. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पाकिटातला रॉड ओल धरतो, तो आधी सुकवा.

खांब उभा करून एका बाजूच्या मधोमध एकच टाका (वेल्डचा ठिपका) मारा. तो थंड होताना खांब स्वतःकडे ओढतो. लगेच दोन बाजूंना गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावा, कललेला असेल तर हातोडीने सरळ करा, मग समोरच्या बाजूला टाका मारा. पुन्हा गुण्या. मग उरलेल्या दोन बाजू. प्रत्येक टाक्यावर 25 मिमीचा वेल्ड करताना हाच समोरासमोरचा क्रम ठेवा. आर्क जाड प्लेटकडे रोखा आणि ट्यूबला फक्त चाटून जाऊ द्या, नाहीतर ट्यूबला भोक पडेल. एका वेल्डनंतर हात लावता येईपर्यंत थांबा. घाईने पाणी ओतू नका, प्लेट आणखी वाकते. क्लॅम्पसुद्धा पूर्ण थंड झाल्यावरच काढा. वेल्डिंगच्या मुखवट्यातल्या काचेचा नंबर 10 किंवा 11, अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. टाका मारतानाही उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही.

वरची प्लेट याच पद्धतीने. स्लॅग (वेल्डवरची कवची) झाडा, पण वेल्ड घासून सपाट करू नका.

खाडीची हवा लोखंडाला सोडत नाही, त्यामुळे त्याच दिवशी थिनरने पुसून रेड ऑक्साइड मारा, नंतर रंगाचे दोन हात. पावडर कोटिंग करणार असाल तर आटे झाकायला सांगा.

रिकामी ट्यूब घंटेसारखी वाजते. कढईत भाजून कोरडी केलेली नदीची वाळू लांब प्लास्टिक पिशवीत भरून आत सोडा, पाऊण उंचीपर्यंत. खाडीची किंवा समुद्राची वाळू नको, मीठ आतून गंज धरवतं.

पायांना एम8 चे बोल्ट आणि लॉकनट, चारच. तीन टोकांचा स्टँड डुगडुगत नाही हे खरं, पण घरात लहान मूल असेल तर तो तिरका कलंडायला वेळ लागत नाही. खोका वरच्या प्लेटला खालून स्क्रूने बांधा. आठवड्याने स्टँड चारही कोपऱ्यांवर दाबून बघा आणि गरज पडली तर लॉकनट पुन्हा आवळा.