शिकारीला निघण्याआधी बूट पायात मुरवा

निघायची तारीख ठरली की पहिली खरेदी बुटांची करा, तीही निदान महिनाभर आधी. बाकी सामान आदल्या रात्री भरलं तरी चालतं. नवा कोरा बूट मात्र थेट रानात नेला की चावतो, आणि मग सावजाचा माग काढायचा सोडून सगळं लक्ष टाचेकडे.

दुकानात शिरण्याआधी चालणं किती आणि बसणं किती याचा अंदाज घ्या. दिवसभर डोंगर चढायचा असेल तर पातळ अस्तराचा, हलका बूट बरा. थंडीत मचाणावर तासन्‌तास बसायचं असेल तर उबदार अस्तर हवं. त्यावर २००, ४००, ८०० ग्रॅम असे आकडे असतात. ते एक चौरस मीटर अस्तराचं वजन सांगतात. सतत चालणाऱ्याने ८०० घेतला तर पाय घामाने भिजतो आणि थांबल्यावर गारठतो. पाणथळ जागी गमबूटच.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि रानातही ते तसेच होणार. नेणार असाल तेच जाड लोकरी मोजे घालून बघा. सुती मोजे ओल धरून ठेवतात, ते नकोतच. दोन्ही पावलं मोजा. बहुतेकांचं एक पाऊल किंचित मोठं असतं, माप त्याचं धरा. नाड्या सैल ठेवून पाय पुढे सरकवा. बोटं टोकाला टेकली की टाचेमागे हाताचं एक बोट सहज मावलं पाहिजे. मग टाच मागे ठोकून बसवा, नाड्या आवळा आणि उतारावरून किंवा जिन्यावरून चालत खाली या. बोटं पुढे आपटली किंवा चालताना टाच आत वर उचलली गेली, तर बूट कितीही आवडलेला असो, परत ठेवा. ‘वापरून सैल होईल’ यावर विसंबू नका. चामडं रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला वाढत नाही. शिवाय घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही, म्हणून भारी अस्तर असूनही पाय गार पडतात.

आणल्यावर दोन-तीन दिवस घरातच घाला, मग बाहेर तासभर, मग पाठीवर ओझं घेऊन चढउतार करा. कुठे चुरचुरलं की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड येईपर्यंत वाट बघू नका. टाच हलतेय असं वाटलं तर घोट्याच्या वळणावर नाडीचे पदर एकमेकांभोवती दोनदा गुंडाळून आवळा, पकड टिकते.

जुनेच बूट नेणार असाल तर आधी तळवा वाकवून, अंगठ्याने दाबून बघा. वर्षानुवर्षं कपाटात पडून सोलमधला फोमचा थर ठिसूळ होतो. माझा एकदा ऐन चढावर अर्धा सुटला, दोरीने बांधून परतावं लागलं.

पायाची नखं दोन-तीन दिवस आधी सरळ कापा. पिशवीत मोज्यांचे दोन जादा जोड, जादा नाड्या, चिकटपट्टी आणि जुनी वर्तमानपत्रं टाका. बूट भिजले तर रात्री त्यात कागदाचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला. शेकोटीशेजारी मात्र ठेवू नका. चामडं तडकतं आणि सोलचा गोंद सुटतो.